संशोधनाच्या पैशाचा पाठपुरावा शिकवणारी सेवा : ‘एफवायआय’ बातमीपत्राचे विदर्भातून परीक्षण

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स ही भौतिकशास्त्र आणि त्याच्या शेजारच्या विषयांतील विद्वत्संस्थांची १९३१ मध्ये स्थापन झालेली संघटना असून तिच्यातर्फे १९८९ पासून ‘एफवायआय’ नावाची विज्ञानधोरणविषयक बातमीसेवा चालवली जाते. अमेरिकेचे केंद्र सरकार कोणत्या संशोधनावर किती खर्च करणार, तो आकडा कोणी सुचवला, कोणत्या समितीने तो वाढवला अथवा कापला आणि अखेरीस प्रत्यक्षात किती रक्कम मंजूर झाली, याचा सलग वृत्तान्त देणे हे या सेवेचे मुख्य काम आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने हे सगळे का वाचावे, असा प्रश्न माझे सहकारी विचारतात आणि तो रास्तही आहे. वैज्ञानिकांच्या संस्था सरकारकडे पैसे कोणत्या वेळी, कोणाकडे आणि कोणत्या कागदाच्या आधारे मागतात, हे इतक्या तपशिलाने दाखवणारी दुसरी जागा मला सापडलेली नाही, हे त्याचे माझे उत्तर आहे. पऱ्हाटीवरच्या बोंडअळीपासून संत्र्याच्या फळगळीपर्यंत प्रत्येक संकटाचा उपाय ज्या प्रदेशात शेवटी कुठल्यातरी सरकारी संशोधन केंद्राकडेच मागितला जातो, त्या प्रदेशातील शिकलेल्या माणसांना हे ज्ञान अनावश्यक आहे असे मला वाटत नाही.

सेवेसाठी काही शुल्क नाही. ईमेलचा पत्ता नोंदवला की दर आठवड्याच्या सुरुवातीला एक बातमीपत्र येते, त्यात त्या आठवड्यात होणाऱ्या समित्यांच्या बैठका, आधीच्या आठवड्यातील निर्णय आणि सविस्तर लेखांचे दुवे असतात. मजकूर साधा असल्यामुळे आमच्याकडच्या मंद नेटवर्कवरही तो मोबाइलवर उघडतो. भाषा इंग्रजी असली तरी ती बातमीची सरळ भाषा आहे. अडचण येते ती अमेरिकी अर्थसंकल्पाच्या पारिभाषिक शब्दांची, आणि ती काही आठवड्यांच्या वाचनानंतर बरीचशी दूर होते. या सेवेचे लेखन कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाही आणि वाचकाला कोणतेही पत्र लिहायला सांगत नाही. मागणी करण्याचे काम संघटनेच्या सदस्यसंस्था, उदाहरणार्थ १८९९ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन फिजिकल सोसायटी, आपापल्या परीने करतात. माहिती देणारा हात आणि मागणी करणारा हात असे वेगळे ठेवल्यामुळे आकड्यांवरचा विश्वास टिकतो, आणि माझ्या दृष्टीने या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

बातमीपत्रापेक्षाही अधिक मोलाची वस्तू म्हणजे या सेवेने सांभाळलेला विज्ञान-अर्थसंकल्पाचा तक्ता. एकेका संस्थेसमोर मागील वर्षाची मंजूर रक्कम, अध्यक्षांनी सुचवलेली रक्कम, प्रतिनिधीगृहाने सुचवलेली रक्कम, सिनेटने सुचवलेली रक्कम आणि शेवटी कायद्याने ठरलेली रक्कम, असे रकाने त्यात दिसतात. अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, अध्यक्षांचा प्रस्ताव कायद्याप्रमाणे फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपर्यंत येणे अपेक्षित असते, आणि मधल्या काळात खर्चाची बारा स्वतंत्र विधेयके दोन्ही सभागृहांच्या उपसमित्यांमधून पुढे सरकतात. अध्यक्षांनी मांडलेला आकडा तेथे केवळ सूचना असते. तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे, म्हणजे या दोन सभागृहांच्या अमेरिकी संसदेकडे असते. त्यामुळे एका वर्षात एकाच संस्थेसाठी चार वेगवेगळे आकडे फिरत असतात आणि वर्तमानपत्रातील मथळा यांपैकी कोणत्या आकड्याविषयी बोलतो आहे, हे समजल्याशिवाय बातमीचा अर्थ लागत नाही.

२०२६ या आर्थिक वर्षाचे उदाहरण घेतले तर या तक्त्याची उपयुक्तता स्पष्ट होते. विद्यापीठांतील संशोधनाला अनुदान देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेला त्याआधी सुमारे ९ अब्ज डॉलर मिळत होते, आणि अध्यक्षांच्या प्रस्तावात हा आकडा ३.९ अब्जांवर, म्हणजे जवळजवळ ५७ टक्क्यांनी खाली आणण्यात आला. जगभर बातमी पसरली ती याच आकड्याची, आणि आमच्या महाविद्यालयातही परदेशात संशोधनासाठी जाऊ इच्छिणाऱ्या मुलांनी घाबरून विचारणा केली. तक्ता पाहणाऱ्याला मात्र जुलै २०२५ मध्येच दिसत होते की सिनेटच्या समितीने ९ अब्ज आणि प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीने सुमारे ७ अब्ज सुचवले आहेत, म्हणजे मूळ प्रस्ताव दोघांनाही मान्य नाही. पुढे १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस सरकारी कामकाज ठप्प राहिले आणि जानेवारी २०२६ मध्ये जो कायदा झाला त्यात ८.७५ अब्जांची तरतूद होती. प्रस्ताव आणि कायदा यांच्यातील हे अंतर केवळ वैज्ञानिक संस्थांच्या प्रयत्नांनी पडले असा दावा कोणी करू नये, कारण दोन्ही पक्षांच्या अनेक लोकप्रतिनिधींना आपापल्या राज्यातील विद्यापीठांची चिंता होतीच. तरीही ती चिंता आकड्यांच्या रूपात त्यांच्या टेबलावर ठेवण्याचे काम या संस्थांनी त्या महिन्यांत सातत्याने केले.

ते काम कसे चालते, हे बातमीपत्रातून आणि सदस्यसंस्थांच्या पानांवरून एकत्र वाचले की चांगले समजते. काँग्रेसचे सदस्य वसंत ऋतूच्या सुमारास आपापल्या मागण्या उपसमित्यांकडे पाठवतात, म्हणून संस्थाही आपले सदस्य त्याच सुमारास राजधानीत नेतात. राज्याराज्यांतून आलेले संशोधक, प्राध्यापक आणि विद्यार्थी लहान गटांनी आपल्याच प्रतिनिधीच्या कार्यालयात जातात. भेट बहुधा पंधरा-वीस मिनिटांची असते आणि ती बहुतेक वेळा प्रतिनिधीशी न होता त्याच्या कार्यालयातील तरुण सहायकाशी होते. तेथे मागणी एकच ठेवायची, ती आकड्यात सांगायची, एका पानाचे टिपण मागे ठेवायचे आणि परतल्यावर आभाराचे पत्र पाठवून उरलेल्या शंकांची उत्तरे द्यायची, अशी शिकवण सदस्यांना आधी दिली जाते. जे जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी संकेतस्थळावर पत्राचा मसुदा असतो. सदस्याने आपला पत्ता भरला की त्याच्या मतदारसंघाचे प्रतिनिधी आपोआप निवडले जातात आणि मसुद्यात स्वतःच्या प्रयोगशाळेचे दोन-चार शब्द घालून तो पाठवता येतो. याशिवाय अनेक संस्था मिळून संयुक्त पत्रे लिहितात, उपसमित्यांसमोर लेखी निवेदने देतात, आणि १९७३ पासून अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स व तिच्या सहयोगी संस्था तरुण वैज्ञानिकांना वर्षभरासाठी काँग्रेसच्या कार्यालयांत काम करायला पाठवत आल्या आहेत. हा शेवटचा उपक्रम मला विशेष दूरदृष्टीचा वाटतो, कारण भेटीला आलेल्या प्राध्यापकाचे म्हणणे समजून घेणारा विज्ञानशिक्षित माणूस टेबलाच्या पलीकडेही बसलेला असतो.

कायद्याची चौकट येथे सांगितली पाहिजे. अमेरिकेतील बहुतेक विद्वत्संस्था करसवलत मिळालेल्या धर्मादाय संस्थांच्या वर्गात मोडतात. त्यांना मर्यादित प्रमाणात कायद्यांविषयी आणि खर्चाविषयी मागणी करता येते, पण निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा देता येत नाही. आपल्याकडे सरकारकडे मागणी करणे आणि राजकारण करणे यांची सर्रास गल्लत केली जाते, म्हणून ही सीमारेषा तेथे कशी आखली आहे हे पाहण्यासारखे आहे.

या सगळ्या साधनांपैकी मला सर्वांत परिणामकारक वाटलेले साधन मात्र एफवायआयचे नाही, ते जीवशास्त्रीय संस्थांच्या फासेब या महासंघाचे आहे. १९१२ मध्ये स्थापन झालेला हा महासंघ प्रत्येक राज्याचे आणि काँग्रेसच्या प्रत्येक मतदारसंघाचे वेगळे माहितीपत्रक तयार करतो आणि त्या भागातील कोणत्या संस्थेला केंद्राकडून संशोधनासाठी किती रक्कम मिळाली हे त्यात दाखवतो. राष्ट्रीय आकडा कितीही मोठा असला तरी लोकप्रतिनिधीला तो परका वाटतो. आपल्या मतदारसंघातील महाविद्यालयाचे नाव आणि त्यासमोरची रक्कम पाहिली की तोच माणूस कागद हातात घेऊन वाचू लागतो. एफवायआयच्या तक्त्यात हा मतदारसंघनिहाय रकाना नाही. या दोन सेवा एकत्र वापरल्या तरच पूर्ण चित्र मिळते, आणि नव्या वाचकाला मी दोन्ही सोबतच पाहायला सांगेन.

मागणी यशस्वी झाली की प्रश्न सुटला, असेही या सेवेच्या वाचनातून वाटत नाही, आणि हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थांचा, म्हणजे एनआयएचचा, अर्थसंकल्प १९९८ ते २००३ या काळात सुमारे १३.६ अब्जांवरून सुमारे २७ अब्ज डॉलरपर्यंत दुप्पट झाला, आणि त्यामागे वैज्ञानिक संस्थांची दीर्घ मोहीम होती. विद्यापीठांनी त्या भरवशावर इमारती बांधल्या, माणसे घेतली. त्यानंतर वाढ थांबली आणि अर्जदार वाढलेले असल्याने प्रकल्प मंजूर होण्याचे प्रमाण साधारण तिनात एकावरून पाचात एकाच्या आसपास घसरले. एकदम मोठी रक्कम मागण्यापेक्षा दरवर्षी खात्रीची, महागाईच्या वर जाणारी वाढ मागावी, हा धडा त्यातून घेतला गेला. दुसरे उदाहरण टेक्सासमधील प्रचंड कणवेगवर्धकाचे आहे. सुमारे २ अब्ज डॉलर खर्च झाल्यावर ऑक्टोबर १९९३ मध्ये काँग्रेसने तो प्रकल्प रद्द केला, आणि त्याआधी फिलिप अँडरसन यांच्यासारख्या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञानेच काँग्रेससमोर त्या खर्चाविरुद्ध मत मांडले होते. अँडरसन यांचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. छोट्या प्रयोगशाळांचा वाटा मोठ्या यंत्राने खाऊ नये ही त्यांची काळजी आमच्यासारख्या छोट्या ठिकाणच्या शिक्षकाला आपलीशी वाटते. विद्वत्संस्थेने आपल्या सदस्यांमधील असे मतभेद आधी आपल्या सभेत सोडवले नाहीत, तर ते सरकारच्या सभेत उघडे पडतात, एवढे मात्र त्यावरून दिसते.

ब्रिटनची गोष्ट एफवायआयच्या कक्षेबाहेरची असली तरी तुलनेसाठी घेण्यासारखी आहे. १९८६ च्या जानेवारीत सुमारे १५०० वैज्ञानिकांनी स्वतःचे पैसे घालून लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहिरात दिली आणि त्यातून जी चळवळ उभी राहिली तीच आज कॅम्पेन फॉर सायन्स अँड इंजिनिअरिंग या नावाने काम करते. २०१० मध्ये सरकारी खर्चात मोठी कपात होणार हे दिसताच ‘सायन्स इज व्हायटल’ या मोहिमेने ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अर्थमंत्रालयासमोर सभा घेतली आणि हजारो सह्या गोळा केल्या. त्यानंतर विज्ञानाचा ४.६ अब्ज पौंडांचा वार्षिक निधी कपातीपासून वाचला. तो महागाईनुसार वाढला नाही, म्हणजे प्रत्यक्षात घटतच गेला, हेही नोंदवले पाहिजे.

आता उणिवांकडे येतो. एफवायआय भौतिकशास्त्राच्या परिवारातून आलेली असल्यामुळे अंतराळ, ऊर्जा, हवामान, मापनशास्त्र यांचा वृत्तान्त तिच्यात भरपूर येतो. कृषी संशोधन तिच्या मुख्य परिघात येत नाही. ज्या जिल्ह्यात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली आणि त्याच हंगामात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले, तेथील वाचकाला ही उणीव फार जाणवते. दुसरी गोष्ट अशी की निर्णय कसा झाला हे ही सेवा उत्तम सांगते, पण त्या पैशातून पुढे प्रयोगशाळेत काय घडले याकडे तुलनेने कमी लक्ष देते. मंजुरी आणि परिणाम यांचा सांधा जोडून दाखवणारे लेख वाढले तर ती अधिक उपयोगी होईल.

भारतात या जातीची सेवा आहे का, असे विचारले तर उत्तर निराशाजनक आहे. मी एका अखिल भारतीय विद्वत्संस्थेचा आजीव सदस्य आहे. तिचे नाव येथे घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. तिच्याकडून मला सदस्यत्वाचे प्रमाणपत्र, वार्षिक अधिवेशनाची निमंत्रणे आणि नियतकालिकाचे अंक मिळाले, पण अर्थसंकल्पात आमच्या विषयासाठी किती तरतूद झाली, गेल्या वर्षीची किती खर्च झाली आणि कोणाला पत्र लिहावे, हे सांगणारे एकही टिपण कधी आले नाही. आपल्या तीन मोठ्या विज्ञान अकादमी १९३० ते १९३५ या काळात उभ्या राहिल्या आणि तिन्ही बव्हंशी सरकारी अनुदानावर चालतात. ज्याच्याकडून अनुदान घ्यायचे त्याच्याशीच अनुदानाच्या प्रश्नावर जाहीरपणे वाद घालणे अवघड असते, हे समजण्यासारखे आहे. नागपूरकरांना आठवत असेल की जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात नागपुरात भरले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने, आर्थिक अनियमिततेचे कारण देत, पुढच्या अधिवेशनाचा पाठिंबा काढून घेतला आणि १९१४ पासूनची परंपरा अडचणीत आली. त्या वादात कोणाची बाजू बरोबर हे ठरवणे या परीक्षणाचे काम नाही, परंतु सदस्यांच्या वर्गणीवर उभी असलेली संस्था आणि अनुदानावर उभी असलेली संस्था यांच्या आवाजात फरक का पडतो, हे त्यातून कळते.

रस्त्यावरचा प्रयत्नही झाला आहे. ९ ऑगस्ट २०१७ रोजी देशातील अनेक शहरांत ‘मार्च फॉर सायन्स’ निघाला आणि सकल देशांतर्गत उत्पादनाच्या किमान ३ टक्के विज्ञानासाठी, १० टक्के शिक्षणासाठी द्यावेत अशी मागणी करण्यात आली. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात सरकारनेच संशोधनाचा खर्च २ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि २०२०-२१ चा प्रत्यक्ष आकडा ०.६४ टक्के आहे. मागणी न्याय्य होती यात शंका नाही, पण ‘३ टक्के’ हा आकडा कोणत्याही खात्याच्या कोणत्याही लेखाशीर्षाला, म्हणजे अर्थसंकल्पातील खर्चाच्या ठरावीक ओळीला, जाऊन भिडत नाही. त्यानंतर २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करायचे आणि त्यांपैकी सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे, अशी त्याची कल्पना आहे. हे पैसे दरवर्षी कोठून किती आले, याचा एफवायआयसारखा तक्ता एखाद्या भारतीय संस्थेने ठेवला, तर आमच्यासारख्या वाचकांची फार मोठी सोय होईल.

अमेरिकी पद्धत जशीच्या तशी येथे चालणार नाही, हे सेवा घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे. तेथे अध्यक्षांचा आकडा सभागृहात बदलतो. आपल्याकडे सरकारने मांडलेला अर्थसंकल्प सभागृहात जवळजवळ जसाच्या तसा मंजूर होतो आणि कपात सूचना फेटाळल्या जातात. म्हणून आपली खरी वेळ अर्थसंकल्प मांडण्याच्या आधीची आहे. अर्थमंत्रालयाचे परिपत्रक साधारण पावसाळ्याच्या अखेरीस निघते आणि खात्यांच्या बैठका दिवाळीच्या आसपास सुरू होतात. फेब्रुवारीत दिलेले निवेदन त्या वर्षापुरते वाया गेले असेच समजावे. एक वाट अर्थसंकल्पानंतरही उघडी असते. १९९३ पासून संसदेच्या विभागवार स्थायी समित्या खात्यांच्या अनुदान मागण्या तपासतात, रकमा खर्च का झाल्या नाहीत हे विचारतात आणि अहवाल प्रसिद्ध करतात. कृषी संशोधन विभागाची २०२४-२५ ची तरतूद सुमारे ९,९४१ कोटी होती. तिच्यावर समितीने काय प्रश्न विचारले हे वाचायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

आणि विदर्भाच्या दृष्टीने दिल्लीपेक्षा मुंबई-नागपूर अधिक महत्त्वाचे आहे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून राज्याच्या पैशावर चालते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था केंद्राची असली तरी अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांची जी केंद्रे कृषी विद्यापीठांत आहेत, त्यांचा खर्च केंद्र ७५ टक्के आणि राज्य २५ टक्के असा वाटून उचलते. देशातील एकूण संशोधन खर्चात राज्य सरकारांचा वाटा २०२०-२१ मध्ये अवघा ६.७ टक्के होता. यवतमाळचे किंवा सिंदेवाहीचे विभागीय संशोधन केंद्र, काटोलचे फळ संशोधन केंद्र येथील शास्त्रज्ञांची पदे, क्षेत्र सहायक, ट्रॅक्टर आणि शेतावरची मजुरी यांची तरतूद विधिमंडळातून जाते. १९५३ च्या नागपूर करारामुळे हिवाळी अधिवेशन आपल्या दारात भरते, त्यात पुरवणी मागण्या येतात, तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना मांडता येतात. विधान परिषदेत पदवीधरांचे आणि शिक्षकांचे स्वतंत्र प्रतिनिधी असतात, म्हणजे विज्ञान पदवीधर हा येथे अमेरिकेत नसलेल्या प्रकारचा मतदार आहे. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून रस्ते, सिंचन, आरोग्य यांचा अनुशेष जिल्हावार मोजून मागण्याची सवय या प्रदेशाला आहे. संशोधनाच्या बाबतीत तीच सवय आपण लावून घेतली नाही, याची मला खंत वाटते.

एफवायआय आणि फासेब यांच्या नमुन्यावरून आम्ही काही शिक्षकांनी एका निवृत्त कृषी शास्त्रज्ञांच्या मदतीने जवळच्या संशोधन केंद्राचे एका पानाचे टिपण मराठीत तयार केले. मंजूर पदे आणि भरलेली पदे, गेल्या काही वर्षांची तरतूद, त्या केंद्रातून निघालेली आणि आमच्या कास्तकारांच्या वावरात आजही असलेली वाणे, आणि शेवटी एकच मागणी, असा त्याचा आराखडा होता. पदांची माहिती मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला आणि उत्तर उशिरा आले. ते टिपण घेऊन लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात गेल्यावर तेथील सहायकाने पहिला प्रश्न विचारला तो ‘हे कोणत्या लेखाशीर्षाखाली येते?’ असा, आणि उत्तर आमच्या कागदावर लिहिलेले असल्यामुळे बोलणे पुढे सरकले. अधिवेशनात त्यावर प्रश्न विचारला गेला; रिक्त पदांचा निर्णय अद्याप झालेला नाही. आमच्या प्राचार्यांनी आधी शंका घेतली होती की अनुदानित महाविद्यालयातील शिक्षकांनी असे करावे का. कागदात कोणत्याही पक्षाचे नाव नाही आणि केवळ सरकारचेच आकडे आहेत हे पाहिल्यावर त्यांनी स्वतः त्याच्या प्रती काढून दिल्या.

विज्ञान शिकवणारे शिक्षक, कृषी महाविद्यालयांचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि जिल्हा पातळीवरचे पत्रकार यांना मी ही सेवा घ्यायला निःसंकोचपणे सांगेन. ज्यांना फक्त शिष्यवृत्त्यांची आणि परदेशी प्रवेशांची माहिती हवी आहे त्यांच्यासाठी ती नाही. नोंदणी केल्यावर आधी बातमीपत्राकडे न जाता अर्थसंकल्पाचा तक्ता उघडावा, एकच संस्था निवडावी आणि तिचे मागील तीन-चार वर्षांचे रकाने शेजारी ठेवून वाचावेत. प्रस्ताव, समिती आणि कायदा यांतील फरक डोळ्यांसमोर आला की साप्ताहिक मजकूर सहज कळू लागतो. त्याच बैठकीत राज्याच्या अर्थसंकल्पाच्या प्रकाशनांतून कृषी विभागाच्या मागण्यांची पुस्तिका उतरवून घ्यावी आणि आपल्या भागातील संशोधन केंद्राची ओळ शोधावी. हे काम ऑगस्टमध्ये सुरू केले तर हिवाळी अधिवेशनाच्या प्रश्नांसाठी मुदत संपण्याआधी कागद तयार होतो.